न वाजलेली शिट्टी

जगात असा एक खेळ आहे की ज्यात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर ठोसा लगावण्याचा दर ठरलेला आहे. पाच मिनिटे. दोन माणसे हातातल्या काठ्या टाकून देतात, हातमोजे भिरकावतात, एकमेकांची गचांडी धरून गुद्दे घालू लागतात. पंच बाजूला उभे राहून वाट पाहतात. दोघांपैकी एक आडवा झाला किंवा दोघेही दमले की त्यांना अलग करतात आणि शिक्षेच्या बाकावर नेऊन बसवतात. पाच मिनिटे भरली की दोघेही पुन्हा खेळायला मोकळे! अमेरिका व कॅनडा या दोन देशांतील नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संघटनेत हा दर १९२२ पासून चालत आला आहे.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात, हिरवळ उभी राहते. ही हॉकी निराळी. ही बर्फावरची. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे रिंगण, त्याला चारी बाजूंनी फळ्यांचा आणि काचेचा तट. पायांत धारदार पाती बसवलेले बूट. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची टणक रबराची चकती; तिला पक म्हणतात. एका बाजूला सहा खेळाडू. ज्याच्यापाशी पक आहे त्याला अंगाने धडक देणे हे या खेळात पूर्णपणे कायदेशीर आहे. माणसे ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाने घसरत असतात आणि तटामुळे बाहेर पळून जायला जागा नसते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धडकेची कल्पना यावी.

टोरांटोला पुतण्याकडे एक हिवाळा काढला तेव्हा हा खेळ मी संध्याकाळच्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर पाहिला. बाहेर गुडघाभर बर्फ, करणार काय? एकदा अशीच गुद्दागुद्दी जुंपली. वहिनी विणकाम करीत बसल्या होत्या. त्यांनी सुया थांबवल्या आणि विचारले, "अरे, ते पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेले नुसते उभे का? सोडवत का नाहीत?" पुतण्या म्हणाला, "सोडवतील गं आई. आधी त्यांचं होऊ दे." वहिनींनी "कमाल आहे!" म्हणून पुन्हा सुया हातात घेतल्या. मला मात्र त्या 'होऊ दे'ने पुष्कळ दिवस सोडले नाही. नियम आहे, नियम मोडला जातो आहे हे पंचाला दिसते आहे, आणि तो म्हणतो, होऊ दे. या 'होऊ दे'चा अर्थ काय? ते कोणाच्या बाजूचे असते?

मारामारी डोळ्यांत भरते म्हणून बोलबाला तिचाच होतो. खरे कुतूहल वाटावे ते तिच्याहून कितीतरी बारीक गुन्ह्यांचे. पुढे निघून गेलेल्या खेळाडूच्या कमरेत काठीचे टोक आकड्यासारखे अडकवून त्याला किंचित मागे ओढणे. त्याच्या सदऱ्याला पळभर धरणे. ज्याच्यापाशी पक नाही अशाच्या वाटेत आडवे उभे राहणे. प्रत्येक गुन्ह्याला दोन मिनिटांची शिक्षा पुस्तकात पूर्वीपासून लिहिलेली आहे. तेवढा वेळ त्या संघाने एक माणूस कमी घेऊन खेळायचे. पण पुस्तकात लिहिलेली शिक्षा आणि बर्फावर मिळणारी शिक्षा यांत अंतर पडत गेले. एवढ्यातेवढ्यासाठी शिट्टी वाजवली तर खेळाची लय तुटते, लोक खेळ पाहायला येतात, पंच पाहायला नव्हे, आणि सामना खेळाडूंनी जिंकावा, पंचाने कोणाला जिंकून देऊ नये, असे एक तत्त्वज्ञान या खेळात मुरले. सामना अटीतटीचा झाला, शेवटची पाच मिनिटे उरली, की तर शिट्टी ओठांपाशीच राहायची.

हे म्हणणे वरवर पाहता किती सयुक्तिक वाटते! पंचाने लुडबूड करू नये, तटस्थ राहावे. पण जरा हिशेब मांडून पाहा. दोन खेळाडू आहेत. एक वेगवान आहे, दुसरा मंद आहे. मंद खेळाडूने वेगवान खेळाडूला धरले आणि पंच गप्प राहिला. या गप्प राहण्याने दोघांचे सारखेच झाले का? वेगवान खेळाडूने वर्षानुवर्षे घाम गाळून जी एक गोष्ट मिळवली होती, ती मंदाने एका हाताच्या ओढीने फुकटात रद्द केली. पंचाने कोणाला काही दिले नाही असे दिसते. वास्तविक त्याने एकाच्या खिशातले काढून दुसऱ्याच्या खिशात घातले. धरणाऱ्याला धरण्याची मोकळीक म्हणजे पळणाऱ्याला पळण्याची बंदी. दोन्ही मोकळिकी एकाच वेळी देता येत नाहीत. म्हणून गप्प राहणारा पंच तटस्थ असतो हे मला काही केल्या पटत नाही. त्याने बाजू घेतलेली असते. फक्त ती घेताना आवाज झालेला नसतो.

मारियो लेम्यू हा पिट्सबर्गचा असामान्य खेळाडू. सहा फूट चार इंच उंचीचा, आणि तरी हाताळणी अशी नाजूक की पक त्याच्या काठीला चिकटून राहावा. त्याने १९९२ मध्ये या लीगला वैतागून 'गॅरेजमधली लीग' म्हटले. गुणी खेळाडूंना धरून ठेवण्याची मुभा पंच देतात, ही त्याची तक्रार होती. १९९७ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्यामागे आजारपण होतेच, पण ही ओढाओढही होती. आकडे त्याच्या तक्रारीला दुजोरा देतात. १९८१-८२ च्या हंगामात दर सामन्याला दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत असत. २००३-०४ मध्ये ही सरासरी पाचच्या जराशी वर उरली. गोलरक्षकांची गाद्यागिरद्यांसारखी वाढलेली संरक्षक साधने आणि बचावाच्या नव्या युक्त्या हीही कारणे होती, हे मान्य केलेच पाहिजे. न्यू जर्सीच्या संघाने मैदानाच्या मध्यभागी सापळा रचण्याची पद्धत वापरून १९९५ चे अजिंक्यपद मिळवले आणि मग सगळेच सापळे रचू लागले. पण सापळ्यातून निसटणाऱ्याला हाताने धरता येत होते म्हणूनच तर सापळा एवढा पक्का होता.

आता यातली दुसरी गोष्ट. नियमाचा मालक झोपला की घराला राखणदार ठेवावा लागतो. वेन ग्रेट्झ्की हा या खेळाचा सम्राट, अंगाने किरकोळ. एडमंटन संघात त्याच्या आसपास डेव्ह सेमेन्को नावाचा धिप्पाड गडी असे. त्याचे काम एवढेच की ग्रेट्झ्कीला कोणी हात लावला तर त्याने त्याचा हिशेब चुकता करावा. पुढे हे काम मार्टी मॅकसॉर्लीकडे आले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला विकला गेला तेव्हा त्याच सौद्यात मॅकसॉर्लीही त्याच्याबरोबर गेला. राजाबरोबर अंगरक्षक, तसा! या राखणदारांच्या बाजूने बोलणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, पंचाला सर्व दिसत नाही; राखणदाराची दहशत असते म्हणून काठीचे घाणेरडे वार होत नाहीत; दोन तगडी माणसे समोरासमोर लढून प्रकरण मिटवतात, त्यात एक प्रकारची इभ्रत आहे.

इभ्रत असेलही. पण या खाजगी न्यायालयाचे दप्तर पाहावे. २००४ सालच्या १६ फेब्रुवारीला कोलोरॅडो संघाच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कुस नेस्लुंड याला धडक दिली. नेस्लुंडच्या मेंदूला हादरा बसला. पंचांनी शिक्षा दिली नाही. लीगनेही नंतर ती धडक नियमात बसते असे ठरवले. व्हँकुव्हरच्या खेळाडूंचे समाधान झाले नाही. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले. पहिल्याच सत्रात व्हँकुव्हरच्या मॅट कुकशी मूरची मारामारी झाली. म्हणजे त्या इभ्रतीच्या कायद्याप्रमाणे मूरने आपले देणे फेडले होते. पण खाजगी न्यायालयात देणे फेडल्याची पावती कोण देणार? तिसऱ्या सत्रात, सामना व्हँकुव्हरच्या हातातून केव्हाच गेलेला असताना, टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे फिरत राहिला, मागून त्याचा सदरा धरला, डोक्यावर मागून ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. त्यानंतर तो या लीगमध्ये कधीही खेळला नाही. बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला एक वर्ष देखरेख आणि ऐंशी तास समाजसेवा असा निकाल मिळाला. नुकसानभरपाईचा दावा दहा वर्षे रखडून २०१४ मध्ये आपसात मिटला.

आणि तो अंगरक्षक मॅकसॉर्ली? त्यानेही, बॉस्टनकडून खेळताना, २००० सालच्या फेब्रुवारीत डोनाल्ड ब्रॅशियर या दुसऱ्या राखणदाराच्या डोक्यावर काठी हाणली. ब्रॅशियर बेशुद्ध होऊन पडला. शस्त्राने हल्ला केल्याबद्दल न्यायालयाने मॅकसॉर्लीला दोषी ठरवले. रक्षणासाठी ठेवलेल्यांनी अखेर एकमेकांवरच उठावे, हे आपल्याकडच्या जुन्या संस्थानांच्या बखरी वाचणाऱ्याला नवे वाटू नये.

एक मात्र कबूल केले पाहिजे. दहशतीने सामने जिंकता येतात. फिलाडेल्फियाच्या संघाने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे याच वाटेने मिळवली. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या एका हंगामात ४७२ मिनिटांच्या शिक्षांचा धनी झाला, आणि हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. १९७६ च्या जानेवारीत सोव्हिएत लष्करी संघ त्यांच्याशी खेळायला आला आणि दांडगाईला कंटाळून मध्येच बर्फ सोडून आत निघून गेला. तो परत आला खरा, पण हरला. पुढे त्याच वर्षीच्या अंतिम फेरीत माँट्रिअलच्या वेगवान संघाने फिलाडेल्फियाला चार सामन्यांत चार वेळा हरवले तेव्हा कितीतरी लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण वेग जिंकला म्हणून वेगाला न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. याच माँट्रिअलची वीस वर्षांपूर्वीची एक कथा आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात जाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध, समोरची माणसे शिक्षेच्या बाकावर असताना, ४४ सेकंदांत तीन गोल केले. त्या वेळी दोन मिनिटांची शिक्षा पुरी दोन मिनिटे भोगावी लागे, मग कितीही गोल होवोत. पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला: एक गोल झाला की शिक्षा संपली. गुन्हा महाग पडू लागला म्हणून गुन्ह्याचा भाव उतरवला! माणसांच्या संस्था अशाच चालतात.

मग पंच वाढवले तर? १९९८-९९ च्या हंगामात लीगने काही सामने एका मुख्य पंचाने आणि काही सामने दोघांनी चालवून पाहिले. अर्थशास्त्रज्ञांना ही आयती प्रयोगशाळाच मिळाली. स्टीव्हन लेविट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्या सामन्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये लिहिले की, पहारा वाढला म्हणून गुन्हे घटले, याला फारसा आधार सापडत नाही. त्याने सुचवलेले एक कारण मला मार्मिक वाटते. दोन पंच असले तरी एखाद्या गुन्ह्याला शिक्षा होण्याचा संभव मुळात इतका थोडा होता की एक माणूस वाढल्याने खेळाडूच्या हिशेबात फरक पडेना. डोळे दोनाचे चार झाले. मनातले 'होऊ दे' तसेच राहिले.

ते बदलले २००५ मध्ये. मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला होता. त्या रिकामपणात ब्रेंडन शॅनहन या खेळाडूने डिसेंबर २००४ मध्ये टोरांटोला खेळाडू, प्रशिक्षक, पंच अशा सर्वांना एकत्र बसवले आणि खेळ का मरगळला याचा ऊहापोह केला. २००५ च्या शरदात खेळ सुरू झाला तेव्हा काही नियम नवे होते. पण सर्वांत मोठी नवलाई ही की अडवणुकीचे जुनेच नियम आता पाळायचे ठरले. पंचांना सांगितले गेले की धरले की शिट्टी, मग सामन्याचे पहिले मिनिट असो की शेवटचे. त्या हंगामात शिक्षांचा नुसता पाऊस पडला. आदल्या हंगामात एका सामन्यात एक माणूस जास्त घेऊन खेळण्याच्या दोन्ही संघांना मिळून आठ-साडेआठ संधी मिळत. आता जवळजवळ बारा मिळू लागल्या. लोक कुरकुरले. पण गोलांची सरासरी सहाच्या वर गेली, आणि २००३-०४ मध्ये ज्या मारामाऱ्या सातशेहून अधिक झाल्या होत्या, त्या पाचशेच्या आत आल्या. कारण उघड आहे. पगारावर मर्यादा आली होती आणि खेळ वेगवान झाला होता. ज्याला धड पळता येत नाही अशा राखणदारासाठी बाकावर जागा अडवून ठेवणे परवडेना. अधूनमधून मारामाऱ्या पुन्हा वाढल्या, पण २०१८-१९ पर्यंत त्या अडीचशेच्याही आत आल्या.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण या खेळाने पुढे आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. अडवणारा तो हात अन्यायाचा होता हे खरे. पण तोच हात गाडीच्या ब्रेकसारखाही होता. पूर्वी कोपऱ्यातला पक आणायला पाठमोरा धावणाऱ्या बचावपटूच्या मागे येणाऱ्याला त्याचा साथीदार जरा अडवून धरी. आता ते बंद झाले. मागचा माणूस भरवेगाने येऊ लागला. वेग दीडपट झाला की धडकेतली शक्ती सव्वादोन पट होते, हे शाळेतले गणित आहे. ७ मार्च २०१० ला बॉस्टनच्या मार्क सावार्डला बाजूने, तो पाहत नसताना, डोक्यावर खांद्याची धडक बसली. मारणारा तोच मॅट कुक, आता पिट्सबर्गचा. शिक्षा झाली नाही, कारण नियमांत ती बसत नव्हती! त्याच महिन्यात लीगने न दिसणाऱ्या बाजूने डोक्यावर मारलेल्या धडकेविरुद्ध पाऊल उचलले. सावार्डच्या उपयोगी ते आले नाही. २०११ च्या जानेवारीत दुसऱ्या आघातानंतर तो पुन्हा खेळू शकला नाही. त्याच जानेवारीत सिडनी क्रॉस्बी हा लीगचा लाडका तारा दोन धडकांनंतर जायबंदी झाला आणि नोव्हेंबरपर्यंत घरी बसला.

द्वेषाने मारलेला ठोसा आणि वेगाच्या भरात बसलेली धडक यांत नीतीच्या दृष्टीने केवढे अंतर! कवटीच्या आतल्या मेंदूला मात्र ते अंतर कळत नाही. मग नियम कडक करणाऱ्यांनी खेळाडूंचे भले केले की वाईट? राखणदारांचे कैवारी लगेच म्हणतात, पाहा, आमचे दिवस बरे होते. ते डेरेक बूगार्डला विसरतात. तो न्यूयॉर्कचा राखणदार. २०११ च्या मेमध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा रोग आढळला. त्या दिवसांचा हिशेब अशा घरांतून मांडायला हवा. मला विचाराल तर मी कडक पंचाच्याच बाजूचा आहे. वेगाने होणारी इजा दिसते, तिला नाव देता येते, तिच्यावर नियम करता येतो. २०११ मध्ये लीगने खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी वेगळे खाते उघडले, आणि त्याचा प्रमुख म्हणून पुन्हा हाच शॅनहन आला. कोणाला का शिक्षा केली हे तो चित्रफितीसह लोकांना समजावून सांगू लागला. न्याय देणाऱ्याने कारणे सांगणे ही या खेळात नवीच गोष्ट होती.

खेळाडूंनाच मोकळीक हवी असते, मग तुम्ही कोण, असेही विचारले जाते. याचे उत्तर मला टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७३ च्या एका लेखात मिळाले. तो लेख शिरस्त्राणांवर आहे. १९६८ च्या जानेवारीत बिल मास्टरटन हा खेळाडू बर्फावर डोके आपटून मरण पावला. १९६९ मध्ये टेड ग्रीनची कवटी काठीने फुटली. तरीही बहुतेक खेळाडू उघड्या डोक्यानेच खेळत राहिले. शेलिंगने दाखवले की यात मूर्खपणा नव्हता. एकट्याने शिरस्त्राण घातले तर नजर जराशी कमी फिरते, भित्रा ठरण्याची धास्ती असते. सर्वांनी घातले तर कोणाचेच काही जात नाही. म्हणून जो माणूस आपणहून ते घालणार नाही, तोच ते सक्तीचे करा म्हणून मत देईल. १९७९ मध्ये नव्या खेळाडूंना सक्ती झाली. जुन्यांना सूट राहिली. उघड्या डोक्याचा शेवटचा खेळाडू, क्रेग मॅकटॅव्हिश, १९९७ मध्ये निवृत्त झाला.

शिक्षांचा तो पाऊस पुढे ओसरला. दहा वर्षांत दर सामन्याच्या त्या बारा संधींच्या सहा-सात झाल्या. खेळाडू सुधारले असे काही म्हणतात. पंच सैल झाले असे काही म्हणतात. २०२१ च्या मार्चमध्ये नॅशव्हिल आणि डेट्रॉइट यांच्या सामन्यात टिम पील या अनुभवी पंचाचा ध्वनिक्षेपक चुकून चालू राहिला आणि त्याचे बोलणे घराघरांत ऐकू गेले. गुन्हा तसा विशेष नव्हता, पण नॅशव्हिलला लवकर एखादी शिक्षा द्यायचीच होती, अशा अर्थाचे ते बोलणे होते. दुसऱ्या दिवशी लीगने जाहीर केले की पील यापुढे या लीगच्या एकाही सामन्यात पंच असणार नाही. त्याच्यासारखे बेरीज-वजाबाकी करून शिट्टी वाजवणारे आणखी किती आहेत याची चौकशी कोणी केली नाही, आणि पील तर त्याच वसंतात निवृत्त होणारच होता.